नुकसान शेतात, नाव कागदावर : जव्हार-मोखाड्यातील शेतकऱ्यांनी आपत्ती अनुदान कसे मिळवावे

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील दोन डोंगराळ, आदिवासीबहुल आणि अनुसूचित क्षेत्रात मोडणारे तालुके असून, दाभोशासारख्या गावांतील शेती मुख्यतः पावसावर पिकणाऱ्या भातखाचरांची आणि उतारावरच्या वरकस जमिनीत घेतल्या जाणाऱ्या नागली, वरई, उडीद, खुरासणी या पिकांची आहे. अतिवृष्टीने बांध फुटला, कापून पसरलेले भात ऑक्टोबरच्या पावसात भिजले किंवा लेंडी नदीच्या काठाची माती वाहून गेली, की पंचनाम्याची मागणी होते आणि बऱ्याचदा पंचनामाही होतो. तरीही त्यानंतरच्या महिन्यांत शेतकऱ्यांकडून तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. शेजाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा झाली, मग आपल्या खात्यात का नाही? जमीन कसतो एक भाऊ आणि यादीत नाव दुसऱ्याचे कसे? वनपट्ट्यावरील पिकाला मदत मिळते की नाही? सही-अंगठा झाला, पण पुढे काय झाले हे कोणाला विचारायचे?

या प्रश्नांच्या मुळाशी गेल्यास असे आढळते की, अशा बहुतेक शेतकऱ्यांची पात्रता वादातीत असते. अडते ते कागदावर. प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती आणि महसुली अभिलेखातील व्यक्ती यांचा मेळ बसत नाही, आणि आपत्ती आल्यानंतरच्या धावपळीत तो बसवणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून या लेखात पंचनाम्याआधीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे आणि त्यानंतरचे टप्पे क्रमाने घेतले आहेत.

मदत कशासाठी आणि किती

पिकाच्या नुकसानीसाठी शासनाकडून मिळणाऱ्या रकमेला 'निविष्ठा अनुदान' म्हणतात. बियाणे, खत, मशागत अशा लागवडीच्या खर्चाला हातभार म्हणून ते दिले जाते. गेलेल्या पिकाची बाजारभावाने भरपाई करण्याचा त्याचा हेतू नाही, हे लक्षात घेतल्यास रकमेविषयीची अपेक्षा वास्तवाला धरून राहते. हा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून होतो आणि त्याचे दर केंद्र शासन ठरावीक कालावधीसाठी निश्चित करते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे दर जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांना १७,००० रुपये आणि आंबा, काजू यांसारख्या बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असे होते. मर्यादा प्रत्येक शेतकऱ्यास २ हेक्टरची आणि अट पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान होण्याची.

राज्य शासन स्वतःच्या निर्णयाने हे दर किंवा क्षेत्रमर्यादा वाढवू शकते. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने जिरायत दर १३,६०० रुपये आणि मर्यादा ३ हेक्टर झाली होती. खरीप २०२५ साठी मे २०२५ मध्ये पुन्हा ८,५०० रुपये आणि २ हेक्टर हे मूळ प्रमाण लागू झाले. तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या पॅकेजमध्ये मर्यादा परत ३ हेक्टर करून रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे देण्यात आले. दोन वर्षांच्या रकमा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून घोटाळा झाला असे समजण्यापूर्वी, आपले नुकसान ज्या तारखेचे आहे त्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय कोणता, हे तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

या भागातील धारणक्षेत्रे लहान असल्याने हिशेब हेक्टरऐवजी गुंठ्यांत समजून घेणे सोयीचे ठरते. एक हेक्टर म्हणजे १०० आर आणि एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर. त्यामुळे ८,५०० रुपयांच्या दराने एक एकर, म्हणजे ४० गुंठे भातासाठी सुमारे ३,४०० रुपये आणि २० गुंठ्यांसाठी सुमारे १,७०० रुपये होतात. दहा गुंठ्यांचा हिशेब ८५० रुपये येतो, परंतु केंद्राच्या निकषांत जिरायत पिकासाठी किमान १,००० रुपये देण्याची तरतूद असल्याने अशा शेतकऱ्यास १,००० रुपये मिळावयास हवेत. ही किमान रकमेची तरतूद अत्यल्प क्षेत्र असणाऱ्यांसाठीच आहे, आणि ती ठाऊक नसल्याने तिची मागणी केली जात नाही.

पिकाखेरीज इतर नुकसानीचे निकष वेगळे आहेत (पुढील रकमा २०२५-२६ पर्यंतच्या दरांनुसार) आणि त्यांचा पंचनामाही वेगळा मागावा लागतो :

- शेतात तीन इंचांहून अधिक जाडीचा गाळ किंवा वाळू साचल्यास ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये.
- दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून जमीनच नाहीशी झाल्यास अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये.
- दुधाळ गाय किंवा म्हैस दगावल्यास ३७,५०० रुपये, बैल दगावल्यास ३२,००० रुपये, शेळीसाठी ४,००० रुपये. यासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा शवविच्छेदन अहवाल आवश्यक असतो, म्हणून जनावर पुरण्याची घाई करू नये.
- घराची, झोपडीची किंवा घराला लागून असलेल्या गोठ्याची पडझड झाल्यास त्याचे स्वतंत्र दर आहेत.

जमीन वाहून जाण्याची बाब या डोंगराळ भागात विशेष दुर्लक्षित राहते. उतारावरच्या खाचराचा बांध फुटून माती खालच्या ओहोळात गेली, तर पंचनाम्यात बहुधा केवळ 'भातपीक बाधित' एवढीच नोंद होते; पीक एका हंगामाचे जाते, माती मात्र परत येण्यास वर्षे लागतात. अशा वेळी पिकाच्या नुकसानीबरोबर 'जमीन खरडून गेली' किंवा 'गाळ साचला' ही नोंद क्षेत्रासह स्वतंत्रपणे करून घ्यावी. बांध पुन्हा घालण्याचे काम रोजगार हमी योजनेतून घेता येते का, याची मागणीही त्याच वेळी ग्रामपंचायतीत लेखी नोंदवावी.

कोणती आपत्ती मोजली जाते

पूर, चक्रीवादळ, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, कीड अशा केंद्राने मान्य केलेल्या आपत्तींबरोबरच महाराष्ट्र शासनाने अवकाळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे आणि आकस्मिक आग यांना स्थानिक आपत्ती म्हणून मान्यता दिली आहे, आणि २०२३ पासून सततच्या पावसाचाही विचार केला जातो. 'अतिवृष्टी' याचा शासकीय अर्थ महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पावसाची नोंद होणे, असा आहे. महसूल मंडळ म्हणजे अनेक गावांचा गट, आणि त्याची नोंद एखाद्या ठिकाणच्या पर्जन्यमापकावर होते. सह्याद्रीच्या या भागात एका डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे पावसाचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे मापकावर ६५ मिलिमीटर न भरताही एखाद्या पाड्यावर ओढा फुटून शेती वाहून जाऊ शकते. अशा प्रसंगी अर्जात केवळ 'अतिवृष्टी' असे न लिहिता ओढ्याला आलेला पूर, दरड, वीज असे जे प्रत्यक्ष कारण घडले ते तारीख आणि वेळेसह लिहावे. कारण पुराने झालेल्या नुकसानीला ६५ मिलिमीटरच्या आकड्याची गरज नसते.

कापणीनंतरचा पाऊस हा भातशेतीतला जुना घाव आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रातील 'क्यार' चक्रीवादळाच्या काळात कोकणासह राज्यभर कापणीला आलेली आणि कापून ठेवलेली पिके भिजली, तेव्हा शासनाने खरीप पिकांसाठी हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले होते. शेतात वाळण्यासाठी पसरलेल्या भाताचे नुकसान अवकाळी पावसाखाली नोंदवता येते, मात्र भारे खळ्यावर आणून रचले गेले की ते पीक कोणत्या गट क्रमांकाच्या शेतातले हे सिद्ध करणे कठीण होते. म्हणून शेतात पडलेल्या भिजलेल्या भाताची छायाचित्रे उचलण्यापूर्वी घ्यावीत. छायाचित्रे घेतल्यावर मात्र उरलेले भात वाचवण्यास प्राधान्य द्यावे. अधिकारी येईपर्यंत कोंब फुटू देणे कोणत्याही नियमाला अपेक्षित नाही आणि अनुदानाची रक्कम कोठारातल्या धान्याची जागा घेऊ शकत नाही.

पावसाळ्यापूर्वी : कागदावरचे नाव

आपल्या सातबाऱ्याचा आणि आठ-अचा (म्हणजे एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींच्या खाते उताऱ्याचा) ताजा उतारा मे महिन्यात काढून तो घरातील शिकलेल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. त्यावर पुढीलपैकी कोणती परिस्थिती दिसते, त्यावर पुढचे काम ठरते.

मयत खातेदाराचे नाव. आजोबा वारून वीस-तीस वर्षे झाली तरी सातबारा त्यांच्याच नावावर असणे, ही या तालुक्यांतील सर्रास आढळणारी स्थिती आहे. मयत व्यक्तीच्या नावे अनुदान जमा होऊ शकत नाही, कारण आधार आणि बँक खाते जिवंत व्यक्तीचेच लागते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास कळवावयाचे असते, पण मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही आणि वारस नोंद केव्हाही करून घेता येते. त्यासाठी मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावे असलेले स्वयंघोषणापत्र आणि वारसांची ओळखपत्रे लागतात. मृत्यूची नोंदच झाली नसल्यास ती उशिराने करून घेण्याची वेगळी प्रक्रिया असून ती आधी पूर्ण करावी. एप्रिल २०२५ पासून महसूल विभागाने 'जिवंत सातबारा' मोहीम याच कामासाठी राबवली. त्या मोहिमेत ज्यांची नोंद राहून गेली त्यांनी तलाठ्याकडे, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा. वारसांत विवाहित बहिणींची आणि विधवेची नावे वगळू नयेत. असे वगळणे बेकायदेशीर आहे आणि पुढे हरकत आल्यास साऱ्या खात्याचे अनुदान थांबते.

सामाईक खाते. एका सातबाऱ्यावर पाच-सहा भावंडांची नावे असली आणि प्रत्येकाचे क्षेत्र निश्चित लिहिलेले नसले, तर अनुदान कोणाच्या खात्यावर जमा करायचे हा प्रश्न पंचनाम्याच्या वेळीच उभा राहतो. येथे दोन मार्ग आहेत. पहिला तात्पुरता : इतर सर्व खातेदारांनी एका व्यक्तीच्या खात्यात रक्कम जमा करण्यास संमती असल्याचे पत्र सह्या-अंगठ्यांसह देणे. दुसरा कायमचा : संहितेच्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडून धारणक्षेत्राचे वाटप करून घेणे. पहिला मार्ग सोपा असला तरी तो दरवर्षी नव्याने चालावा लागतो, आणि भावांपैकी कोणी मुंबई-ठाण्याला स्थायिक झाला असेल तर एका सहीसाठी सगळे अडते. म्हणून भावाभावांत वाद नसताना, सलोख्याच्या काळातच वाटप करून घेणे शहाणपणाचे आहे.

वनपट्टा. जव्हार-मोखाड्यातील पुष्कळ कुटुंबांची कसती जमीन ही वनजमीन असून, अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ खाली त्यांना हक्कपत्र मिळालेले आहे. हे हक्कपत्र वारसाहक्काने पुढे जाते, विकता येत नाही, आणि विवाहित असल्यास पती-पत्नी दोघांच्या नावे असते. या कायद्याच्या नियमांपैकी नियम १६ प्रमाणे, ज्यांचे हक्क मान्य झाले आहेत त्यांना जमीन सुधारणा, उत्पादकता आणि उपजीविकेच्या सर्व शासकीय योजनांचा लाभ मिळवून देणे राज्य शासनावर बंधनकारक आहे. तेव्हा 'वनपट्ट्याला मदत नाही' असे कोणी तोंडी सांगितल्यास ते मान्य करण्याचे कारण नाही. तसे लेखी द्यावे, अशी नम्र पण ठाम मागणी करावी.

तथापि, व्यवहारात अडचण येते ती अशी की, हक्कपत्रधारकाचा स्वतंत्र सातबारा नसतो, आणि संगणकीय यादी गट क्रमांक व खाते क्रमांकावर चालते. नियम १२-अ नुसार हक्क मान्य झाल्यावर अंतिम नकाशा करून त्याची नोंद अधिकार अभिलेखात घेणे महसूल आणि वन विभागाचे काम आहे. आपल्या पट्ट्याची नोंद संबंधित वनगटाच्या सातबाऱ्यात झाली आहे का, हे तपासावे आणि झाली नसल्यास हक्कपत्राची व नकाशाची प्रत जोडून तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी, जव्हार यांच्याकडे अर्ज द्यावा. मूळ हक्कपत्राच्या रंगीत प्रती काढून ठेवाव्यात, कारण कुडाच्या घरात पावसाने भिजून किंवा वाळवीने खाऊन ते नष्ट झाल्यास पुन्हा मिळवणे जिकिरीचे जाते.

कसणूक दोन एकराची आणि पट्टा वीस गुंठ्यांचा, अशीही अनेकांची स्थिती आहे. अनुदान मान्य क्षेत्रापुरतेच मिळते, त्यामुळे कमी मोजलेल्या क्षेत्राविरुद्धचे अपील हे अनुदानाशी थेट निगडित ठरते. वनहक्क दाव्यांवरील उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते, आणि मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात विभागीय पातळीवरील समितीकडे जाण्याची वाटही खुली झाली आहे. ज्यांचा वनहक्काचा दावा अद्याप प्रलंबित आहे, त्यांनी दाव्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव जोडून नुकसानीचा अर्ज तरीही नोंदवावा. मदत मिळेलच अशी खात्री देता येत नसली तरी त्या वर्षी त्या जमिनीवर पीक उभे होते, याचा शासकीय पुरावा त्यातून तयार होतो आणि तो दाव्याच्या कामीही येतो.

अर्धेलीने किंवा खंडाने केलेली शेती. तोंडी कराराने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यास या व्यवस्थेत जवळजवळ कोणतेही संरक्षण नाही, ही खेदाची बाब आहे. रक्कम अभिलेखातील खातेदारालाच मिळते. हंगामाच्या सुरुवातीलाच, आपत्ती अनुदान आल्यास ते कोणी कसे वाटून घ्यायचे, हे साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे.

ओळख क्रमांक, आधार आणि बँक खाते

शेतकऱ्याच्या जमिनीची व आधारची सांगड घालणाऱ्या 'अ‍ॅग्रिस्टॅक' प्रणालीतील शेतकरी ओळख क्रमांक जुलै २०२५ पासून पीक नुकसानीच्या मदतीसाठी मागितला जाऊ लागला आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांना ई-केवायसीच्या, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याच्या, फेऱ्यातून सूट देण्याचे धोरण २०२५ च्या अतिवृष्टीच्या वेळी स्वीकारण्यात आले, त्यामुळे तो काढून घेणे सर्वथा हिताचे आहे. ही नोंदणी सातबाऱ्यावर आधारलेली असल्याने वनपट्टाधारकांची नोंदणी अडल्यास, ती का झाली नाही याची लेखी नोंद तलाठ्याकडे करून घ्यावी आणि त्याची प्रत नुकसानीच्या अर्जाला जोडावी. प्रणालीतील उणिवेचा भार शेतकऱ्यावर टाकला जाऊ नये यासाठी हा कागद उपयोगी पडतो.

बँक खात्याबाबत एक गफलत विशेषत्वाने सांगण्यासारखी आहे. अनुदान 'थेट लाभ हस्तांतरण' पद्धतीने, म्हणजे आधार क्रमांकाशी जोडलेल्या खात्यात जमा होते, आणि एका आधारला अशा हस्तांतरणासाठी एका वेळी एकच खाते जोडलेले असते. शेवटी जोडलेले खाते कोणते, यावर रक्कम कोठे जाईल हे ठरते. वीटभट्टीवर किंवा शहरात कामाला गेलेल्या कुटुंबाने तेथे शिबिरात नवे खाते उघडलेले असते, टपाल खात्याच्या बँकेचे खाते पोस्टमनने अंगठा घेऊन उघडून दिलेले असते, आणि अनुदान त्या विसरलेल्या खात्यात पडून राहते. शेतकरी मात्र गावच्या बँकेत पासबुक भरून घेऊन 'आले नाही' असे समजत राहतो. पंचनामा होण्याआधीच बँकेत जाऊन 'आधार कोणत्या खात्याला जोडलेले आहे' एवढा एक प्रश्न विचारून घ्यावा, त्या खात्याचे पासबुक जवळ ठेवावे आणि खाते बंद पडू नये म्हणून अधूनमधून त्यात थोडा व्यवहार करावा.

आधारवरील आणि सातबाऱ्यावरील नावांत फरक असेल, उदाहरणार्थ एका ठिकाणी पाळण्यातले नाव आणि दुसऱ्या ठिकाणी शाळेतले, तर तोही याच काळात दुरुस्त करावा. सातबाऱ्यातील लेखनाच्या चुका संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होतात.

खरिपाची ई-पीक पाहणी न चुकता करावी. मोबाइलवरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेऊन ही नोंद केली जाते, आणि डोंगरात संपर्क नसल्यास माहिती मोबाइलमध्ये साठवून रस्त्याला आल्यावर पाठवता येते. सातबाऱ्यावर 'पड' अशी नोंद राहिली आणि शेतात भात वाहून गेले, तर नुकसान सिद्ध करण्याचे ओझे विनाकारण शेतकऱ्यावर येते. नागली-वरईच्या वरकस जमिनींची नोंद बहुतेकदा राहून जाते. ती आवर्जून करावी.

नुकसान झाल्यानंतर

पंचनामा हा महसूल, कृषी आणि ग्रामविकास या तीन विभागांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी, म्हणजे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांनी, संयुक्तपणे करावयाचा असतो. तिघांचीही पदनामे अलीकडे बदलली असली तरी गावात जुनीच नावे चालतात. पंचनाम्यासाठी कोणतेही शुल्क नाही. पैसे मागितल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तक्रार करता येते.

आपत्तीनंतर शक्यतो दुसऱ्याच दिवशी पुढील गोष्टी कराव्यात :

1. शेताची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत; एखाद्या छायाचित्रात झाड, विहीर किंवा डोंगर अशी ओळखीची खूण यावी आणि मोबाइलमध्ये तारीख व स्थळनोंद सुरू असावी.
2. तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करून त्याची प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्यावी. शिक्क्याविना दिलेला अर्ज दिला न दिल्यासारखाच असतो.
3. पाड्यावरील बाधित शेतकऱ्यांची एकत्रित यादी करून ग्रामसभेत ठराव घ्यावा. ठराव पंचनाम्याची जागा घेत नाही, परंतु नंतर एखाद्याचे नाव गळाल्यास तो भक्कम आधार ठरतो.

अर्जाचा मजकूर लांबलचक नसावा. 'मौजे अमुक, गट क्रमांक अमुक, क्षेत्र इतके आर, त्यापैकी इतक्या आरांवर भाताचे पीक होते. अमुक तारखेला रात्री ओढ्याला पूर येऊन बांध फुटला, इतक्या आरांवरील पीक वाहून गेले व इतक्या आरांत गाळ साचला. कृपया स्थळपाहणी करून पीक आणि जमीन या दोन्हींचा पंचनामा करावा,' एवढे पुरेसे आहे. क्षेत्र वाढवून सांगण्याचा मोह टाळावा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५२ नुसार खोटा दावा करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे.

पंचनाम्यावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तो वाचून दाखवण्यास सांगावे. गट क्रमांक, बाधित क्षेत्र, पिकाचे नाव, नुकसानीची टक्केवारी आणि कारण या पाच गोष्टी नीट ऐकाव्यात. टक्केवारी ३३ पेक्षा कमी लिहिली गेल्यास सारी मदत नाकारली जाते, म्हणून ती पटली नाही तर सहीजवळच 'टक्केवारी मान्य नाही' असे लिहावे आणि भरलेल्या कागदाचे छायाचित्र घेऊन ठेवावे. एकाच घरात दोन खाती असल्यास दोन्ही गटांची नोंद झाली का, हे त्याच वेळी पाहावे.

यादी लागते तेव्हा गाव रिकामे असते

पंचनाम्यांची माहिती संगणकावर चढल्यानंतर बाधितांच्या याद्या प्रसिद्ध होतात आणि प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो. ज्यांना ई-केवायसी करावी लागते त्यांनी तो क्रमांक, आधार आणि मोबाइल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रावर जायचे असते. तेथे पडद्यावर गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. ती मान्य असल्यासच अंगठा द्यावा, आणि चूक असल्यास ती अमान्य करून तक्रार नोंदवावी. घाईने मान्य केलेली चुकीची रक्कम नंतर दुरुस्त होणे अवघड असते.

या दोन तालुक्यांत खरी हानी याच टप्प्यावर होते. दिवाळीनंतर शेकडो कुटुंबे भिवंडी, वसई, नाशिककडे वीटभट्टी, बांधकाम आणि शेतमजुरीसाठी स्थलांतर करतात, आणि याद्या नेमक्या त्याच महिन्यांत लागतात. जाण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आधारचा मोबाइल क्रमांक चालू असल्याची खात्री करावी आणि पाड्यावर राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे सातबाऱ्याची प्रत ठेवावी. यादी लागताच तिचे छायाचित्र काढून सर्वांना पाठवण्याचे काम पाड्यातील एखाद्या तरुणाने घेतले, तर अनेकांचे अनुदान वाचते. ई-केवायसी गावच्याच केंद्रावर व्हावी असे नाही. विशिष्ट क्रमांक हाती असल्यास कामाच्या ठिकाणाजवळील केंद्रावरही विचारणा करावी. विटा उचलून बोटांचे ठसे झिजलेल्या मजुरांचा अंगठा यंत्र वाचत नाही. अशांनी डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवरील संकेतांकाने ओळख पटवता येईल का ते पाहावे आणि काम झाल्याची पावती घेतल्याविना केंद्र सोडू नये.

पीक विमा ही वेगळी वाट

शासकीय अनुदान आणि पीक विमा यांचा एकमेकांशी संबंध नाही. विमा घेतला म्हणून अनुदान नाकारता येत नाही आणि अनुदानासाठी झालेला पंचनामा विम्याची सूचना ठरत नाही. राज्यातील एक रुपयातील विमा खरीप २०२५ पासून बंद होऊन खरीप पिकांसाठी विमा संरक्षित रकमेच्या दोन टक्के हप्ता शेतकऱ्यास भरावा लागतो. भातशेती पाण्याखाली जाण्याची जोखीम खरीप २०२६ पासून पुन्हा विम्यात घेण्याचे केंद्र शासनाने जाहीर केले असून, अशा नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागते.

नाव वगळले गेल्यास

प्रथम कारण लेखी मिळवावे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस विनाशुल्क, तहसील कार्यालयाकडून आपल्या गटाच्या पंचनाम्याची प्रत, गावाची संपूर्ण बाधित यादी आणि ज्या शासन निर्णयानुसार वाटप झाले त्याची प्रत मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पंचनाम्यात नाव आहे पण यादीत नाही, यादीत आहे पण रक्कम नाही, आणि पंचनामाच नाही, ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. पहिल्यात संगणकावर माहिती भरताना चूक झालेली असते, दुसऱ्यात आधार-बँक जोडणीचा दोष असतो आणि तिसऱ्यात आवक शिक्क्याचा अर्ज, छायाचित्रे व ग्रामसभेचा ठराव यांच्या बळावर नव्याने मागणी करावी लागते. कारण हाती आल्यावर तहसीलदार, मग जव्हारचे उपविभागीय अधिकारी, आणि त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन, या क्रमाने लेखी दाद मागावी. एकट्याने जाण्यापेक्षा एकाच प्रकारची अडचण असलेल्या पाच-दहा जणांनी एकत्र अर्ज दिल्यास त्याची दखल लवकर घेतली जाते.

जात, समाज, वंश, धर्म किंवा लिंग यांवरून मदत वाटपात भेदभाव करण्यास आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या कलम ६१ ने मनाई केली आहे. पट्टा दोघांच्या नावे असताना केवळ पुरुषाची नोंद घेणे, किंवा विधवेस 'मुलाचे नाव द्या' असे सांगणे, या गोष्टींना याच कलमाच्या आधारे हरकत घेता येते.

रक्कम जमा झाल्यावर बँकेने ती जुन्या पीककर्जात वळती केल्याच्या तक्रारी येतात. मदतीच्या शासन निर्णयांत ही रक्कम कोणत्याही वसुलीसाठी वळती करू नये अशी सूचना असते. अशा वेळी शासन निर्णयाची प्रत जोडून शाखा व्यवस्थापकास लेखी पत्र द्यावे, त्याची प्रत तहसीलदार आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकास पाठवावी, आणि वळती केलेली रक्कम खात्यात परत जमा झाल्याची नोंद पासबुकात दिसेपर्यंत पाठपुरावा चालू ठेवावा.